पॉइंट कुकमधला प्रॉम्प्टर

सकाळी दहा वाजता मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगला हजेरी लावायचो आणि माझ्या पाठीमागे एक तमिळ नट धाय मोकलून रडायचा. रोज तोच नट, तोच प्रसंग, तेच रडणं. मी माइक बंद करायला विसरलो की माझा ऑस्ट्रेलियन मॅनेजर काळजीने विचारायचा, "एव्हरीथिंग ओके ॲट होम, मेट?" घरात कुणी गेलंय की काय, अशी त्याला शंका यायची. आता त्याला काय सांगणार? माझे वडील मराठी आहेत, त्यांना तमिळचं अक्षर कळत नाही आणि तरी हा सिनेमा ते आज सहाव्यांदा बघतायत, हे समजावून सांगायला मला इंग्रजीत शब्द नव्हते. मराठीतही नव्हते.

ही लॉकडाऊनमधली गोष्ट. बाबा फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी मेलबर्नला आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, दिवसातून एक तास पाय मोकळे करायचे, तेही तोंडाला मास्क लावून. आमच्या पॉइंट कुक या उपनगरात तसंही जाण्यासारखं आहे काय? एकसारखी घरं, एकसारखी गॅरेजं, प्रत्येक दारात एकसारखं ऑलिव्हचं झाड. शेजारी एक तमिळ कुटुंब. त्यांच्याकडचे आजोबाही असेच व्हिसावर आलेले आणि अडकलेले. दोन म्हातारे कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून मोडक्या इंग्रजीत बोलायचे. त्या आजोबांनी एक दिवस प्लास्टिकच्या पिशवीत सांबाराचा डबा आणि एक पेनड्राइव्ह घालून पिशवी कुंपणाला अडकवली. सांबार मी खाल्लं. पेनड्राइव्ह बाबांनी टीव्हीला लावला.

सिनेमा काळा-पांढरा, तीन तासांचा. नाटक कंपनीची गोष्ट. बैलगाडीतून गावोगाव फिरणारी कंपनी, तिच्यातला एक बडा नट आणि त्याने रस्त्यावरून उचलून आणून घडवलेला एक पोरगा. पोरगा मोठा होतो, गुरूपेक्षा सरस ठरतो आणि शेवटी गुरूवर त्याच कंपनीत पडदा ओढायची पाळी येते. मग रडणं. एकदा गुरू रडतो, एकदा शिष्य रडतो, मग दोघं मिळून रडतात. डोळे एवढे वटारलेले की टीव्हीच्या बाहेर येतील. मी येताजाता नाक मुरडायचो. नाटक म्हणजे काय हे कळावं तर मराठी माणसालाच, हे माझं ठाम मत होतं. त्यासाठी मी एकही तमिळ नाटक पाहिलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्या सिनेमाला इंग्रजी सबटायटल्स होती. बाबा ती बंद करून बघायचे. मी एकदा मुद्दाम लावून दिली. पाणी पिऊन परत आलो तर पुन्हा बंद. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट.

बाबांची नाटकाची ओळख विंगेतली. पुण्यात ते ज्या कचेरीत कारकून होते तिथल्या हौशी मंडळींचं दरवर्षी एक नाटक स्पर्धेत उतरायचं आणि त्या नाटकाचे प्रॉम्प्टर बाबा असायचे. तीस वर्षं. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, हातात छोटी बॅटरी आणि नट अडला की पुढचा शब्द द्यायचा. तो नटापर्यंत पोचला पाहिजे, पहिल्या रांगेपर्यंत जाता कामा नये. "नट थांबलाय की अडलाय, हे त्याच्या आधी आपल्याला कळायला हवं," असं ते सांगायचे, आणि एवढ्या अभिमानाने सांगायचे की जणू नाटक त्यांनीच लिहिलंय. मला लहानपणी याची लाज वाटायची. शाळेत पोरं विचारायची, तुझे बाबा नाटकात कोण झाले होते? काय सांगणार? कुणीच झाले नव्हते. कार्यक्रमपत्रिकेत नाव असायचं ते अगदी खाली, चहावाल्याच्या जेमतेम वर.

मी मात्र नट. कॉलेजात असताना एकांकिकेत मला अभिनयाचं बक्षीस मिळालं होतं. उत्तेजनार्थ. तो कप मी तेवीस किलोच्या सामानात घालून ऑस्ट्रेलियाला आणलाय, आणि तो अजून माझ्या कपाटात आहे. आता माझी लायकी वाचकांच्या लक्षात आली असेल.

पण त्या दिवसांत आमच्या घरात खरा प्रश्न वेगळाच होता. आई गेल्यापासून बाबा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. इथे येण्याआधी ते एकदा चौथ्या मजल्याऐवजी तिसऱ्या मजल्यावर जाऊन तिथल्या दाराला आपली किल्ली लावत उभे राहिले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी नाशिकला माझ्या ताईला फोन केला. तेव्हापासून ताईचं एकच पालुपद: बाबांना आता एकटं ठेवायचं नाही. माझं म्हणणं, वय झालं की सगळेच विसरतात. बाबांचं म्हणणं, मला माझ्या घरी जायचंय. भारतात परत नेणाऱ्या विमानांच्या यादीत मी त्यांचं नाव लावलं होतं आणि ते रोज मला विचारायचे, "आलं का काही?" त्यांना दुसरं काही नको होतं. स्वतःच्या किल्लीने स्वतःचं दार उघडून आत जायचं होतं.

मी बाबांची बाजू घेतली, पण ती काही प्रेमापोटी नव्हे. ते धडधाकट आहेत असं मी ताईला पटवत होतो, कारण ते धडधाकट नसले तर माझ्याकडे राहणार होते. माझी बायको एकदा म्हणाली, "अरे, बाबांनी काल मीठ मागितलं, पण त्यांना 'मीठ' हा शब्दच आठवेना. 'ते पांढरं दे' म्हणाले. आपण जीपी डॉक्टरला दाखवू या का?" मी म्हटलं, "लाडावलेत ते. हातात आयतं मिळतंय ना." असा मी.

ऑगस्टमध्ये आमच्या मराठी मंडळाला कलेचा उमाळा आला. गणपती घरोघरी बसवायचे, आरती ऑनलाइन आणि शनिवारी दुपारी ऑनलाइन नाटक. मंडळाचा अध्यक्ष आमच्याच पॉइंट कुकचा, पण खाडीच्या बाजूला मोठं घर असलेला. या माणसाने मीटिंगला मागे नाट्यगृहाचं चित्र लावलं होतं आणि बोलताना मान हलवली की त्याचा डावा कान त्या नाट्यगृहात गडप व्हायचा. "मेट्स, थिएटरं बंद आहेत, तर आपण रंगभूमीला ट्रिब्यूट देऊ या," कान नसलेला अध्यक्ष म्हणाला. "नाटकवाल्यांवरच काहीतरी करू. तू लिही रे, तू तर अवॉर्ड विनर आहेस." उत्तेजनार्थ हा शब्द मी त्याला कधीच सांगितला नव्हता.

लिहायचं काय? मला सुचलं काहीच नाही. तीन दिवस कोरी फाइल उघडून बसलो. पाठीमागे तो तमिळ नट रडत होता. चौथ्या दिवशी मी त्याची गोष्ट उचलली. ज्या सिनेमाला मी महिनाभर हसत होतो, तोच मी मराठीत उतरवला. बैलगाडी काढली, रडणं कमी केलं, नाटक कंपनी कोकणात नेली आणि खाली स्वतःचं नाव घातलं; मूळ तमिळ आहे, एवढं फक्त अध्यक्षाच्या कानावर घातलं. चाळीस मिनिटांचं नाटक. वृद्ध नट आणि त्याने पोटच्या पोरासारखा वाढवलेला तरुण नट. तरुण त्याला बाबा म्हणतो. तरुणाचं काम अर्थातच मी करणार. वृद्ध नटासाठी जवळच्या टार्नीटचा एक दातांचा डॉक्टर मिळाला आणि नायिका सिडनीहून, क्वेकर्स हिलची. ऑनलाइनचा तेवढा फायदा, की वाईट नट आता कुठल्याही गावाहून बोलावता येत होते.

पहिल्या तालमीलाच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांनी संवाद स्क्रीनवर उघडून ठेवले होते आणि सरळ वाचत होते. टेनिसची मॅच बघावी तसे डोळे डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. दातांच्या डॉक्टरने तर "(गहिवरून)" हेसुद्धा वाचलं. नायिकेचा मुलगा मध्येच येऊन "मम, वेअर इज माय चार्जर?" विचारून गेला आणि तिने त्याला दिलेलं उत्तर तिच्या संवादांपेक्षा जास्त मनापासून होतं. मी भडकलो. म्हटलं, ही काय वाचनाची शिकवणी आहे? नाटक पाठ करायचं असतं. आमच्या पुण्यात हातात कागद घेऊन उभा राहिला तर लोक घरी पाठवतील.

"पण यार, पाठ कशाला?" डॉक्टर म्हणाला. "स्क्रीन समोर आहेच ना. नो वरीज."

"मी तरी पाठ करणार," मी म्हटलं. "आणि माझ्याकडे प्रॉम्प्टर आहे. खराखुरा."

हे मी फुशारकी मारायला बोललो. बाबा सोफ्यावर बसले होते, त्यांनी मान वर केली. त्या महिन्यात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून संहिता मोठ्या अक्षरात छापून घेतली, माझ्या मुलीची जुनी वही मागितली, एकेका बाजूला एकेक पान डिंकाने चिकटवलं आणि समास सोडला. लाँड्रीतलं, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीतलं, स्टूल आणून माझ्या लॅपटॉपपासून दोन हातांवर ठेवलं, कॅमेऱ्यात येणार नाही असं. तालमीला ते त्या स्टुलावर ताठ बसायचे आणि ओळीखाली बोट फिरवायचे. मी एकदाही अडलो नाही. मी पाठ पक्कं केलं होतं, या बाबतीत मी स्वतःला नावं ठेवणार नाही. एकदोनदा मला दिसलं की आमचं पान उलटलं तरी त्यांचं बोट मागच्याच पानावर आहे. एकदा ते सकाळभर एकच पान घेऊन बसले होते. मी म्हटलं, "बाबा, एवढं काय बघताय त्यात?" ते म्हणाले, "तयारी." मी खांदे उडवून कामाला लागलो. शब्द वाचून दाखवण्यात तयारी ती कसली करायची?

प्रयोगाच्या दिवशी दुपारी चार वाजता अध्यक्षाने आपल्या लाँड्रीच्या बेसिनवर कॅमेऱ्यासमोर नारळ फोडला. फुटेना. तीनदा आपटला, चौथ्यांदा पाणी त्याच्या झब्ब्यावर. मग फोनवरून तिसरी घंटा वाजवली, ती कुणाच्या तरी दारावरच्या बेलसारखी वाजली आणि चार घरांत कुत्री भुंकली. स्क्रीनवर चाळीसेक कुटुंबं, कुणी भजी खातंय, कुणी इस्त्री करतंय. एकाने कॅमेरा छताकडे लावून ठेवला होता, त्याचा पंखा आम्ही शेवटपर्यंत बघितला. हा आमचा रसिक प्रेक्षक.

पहिली वीस मिनिटं ठीक गेली. म्हणजे डॉक्टर वाचत होता, नायिका वाचत होती आणि मी एकटा नाटक करत होतो. मग माझं ते मोठं भाषण आलं, ज्यासाठी मी सगळं नाटक लिहिलं होतं. तरुण नट वृद्धाला सुनावतो ते. मी श्वास घेतला, कॅमेऱ्यात पाहिलं, "बाबा," म्हणालो आणि पुढचं गेलं. पुसून टाकल्यासारखं. शंभर वेळा म्हटलेलं भाषण, त्याचा पहिला शब्दच येईना.

मी घाबरलो नाही. डावीकडे डोळे वळवले. बाबा स्टुलावर होते. वही मांडीवर होती. बोट ओळीखाली होतं आणि ओळ बरोबर होती, मला इथून दिसत होती. मी अडलोय हे त्यांना माझ्या आधी कळलं असणार, कारण ते आधीच पुढे वाकले होते. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा हलले. "ते..." म्हणाले. "ते... ते..." त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ते भयंकर घाबरले होते. हे मला दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. आणि ते दिसल्यावरही मी जे बोललो ते बोललो.

"जन्मभर एवढं एकच काम केलंत. आता तेही येईना?"

माइक चालू होता. चाळीस घरांत गेलं.

दातांच्या डॉक्टरच्या कागदावर ही ओळ नव्हती. त्याचे डोळे महिन्यात पहिल्यांदा स्थिर झाले. मग ओळ शोधायला त्याने मान खाली घातली, आणि शोधत बराच वेळ खालीच ठेवली. बघणाऱ्यांना वाटलं, अपमानाने म्हाताऱ्याची मान खाली गेली. त्याने आयुष्यात केलेला तेवढाच अभिनय. तोवर मला माझं भाषण आठवलं होतं. मी ते दणक्यात म्हटलं आणि नाटक संपवलं.

मग टाळ्या. टाळ्या म्हणजे स्क्रीनवर पिवळे पंजे. लॅपटॉप मिटतो तोच अध्यक्षाचा फोन आला. माझ्या हातात पाण्याची बाटली होती म्हणून मी तो स्पीकरवर घेतला. बाबा टेबलाशी बसून वहीचे दुमडलेले कोपरे सरळ करत होते.

"काय पॉज घेतलास रे!" अध्यक्ष ओरडत होता. "आणि ती ओळ! एवढं एकच काम केलंत! अंगावर काटा आला. माझी बायको रडली. ती ओळ त्या ओरिजिनल तमिळमध्ये आहे का?"

इथे मला खरं बोलायची संधी होती. निदान गप्प बसायची तरी होतीच.

"नाही," मी म्हटलं. "ती माझी."

बाबांनी वही बंद केली, स्टूल उचललं आणि लाँड्रीत नेऊन जागेवर ठेवलं. जाताना ते माझ्याकडे बघून हसले. चांगलं झालं हो नाटक, असं ते हसू होतं. नाटकानंतर प्रत्येक नटाकडे बघून ते तीस वर्षं तसंच हसले असतील. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, ते आमच्या मंडळाबद्दल मी नेहमी म्हणायचो. त्या दिवशी गाढव कोण, हे मला कळायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दहाला तमिळ नट रडायला लागला. मी जाऊन बाबांच्या शेजारी बसलो. रिमोट घेतला आणि सबटायटल्स लावली. माफी मागायची माझी ही तऱ्हा.

"राहू दे," बाबा म्हणाले.

"अहो, कळेल तरी काय चाललंय ते."

"नको." मग बराच वेळ ते शब्द शोधत राहिले. पूर्वी मी अशा वेळी मध्येच बोलायचो किंवा उठून जायचो. त्या दिवशी बसून राहिलो. "याच्यात... याच्यात मला कळलं नाही तर कुणी बघत नाही. ते शेजारचे, त्यांना वाटतं, मला तमिळ येत नाही म्हणून मी गप्प."

टीव्हीवर गुरू पडद्याची दोरी ओढत होता. बाबा त्याच्याकडेच बघत बोलत होते. गेल्या दिवाळीपासून हे सुरू झालं होतं. आधी नावं गेली, मग वस्तू. "वहीत अक्षरं दिसतात," ते म्हणाले. "पण त्यांचा... त्यांचा आवाज येत नाही मला."

माझ्या तोंडून काय निघालं असेल? "मग तालमीत का नाही सांगितलंत?"

"तालमीत तू अडलास कुठे? चांगलं पाठ केलं होतंस." हे त्यांनी कौतुकाने म्हटलं. मग हळूच म्हणाले, "ताईला सांगू नको. ती मला जाऊ देणार नाही."

मी सबटायटल्स बंद केली. तो सिनेमा मी त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला. वाईट नाही. रडणं जास्त आहे, हे माझं मत आजही कायम आहे, पण तो म्हातारा नट दोरी ओढताना रडत नाही. बाकीचे रडतात. हे मी माझ्या नाटकात घेतलं नव्हतं, कारण तिथवर मी कधी पाहिलंच नव्हतं.

बुधवारी विमानाचा ईमेल आला. दहा दिवसांनी जागा होती, दोन दिवसांत हो किंवा नाही कळवायचं. गुरुवारी दुपारी ताईचा व्हिडिओ कॉल ठरला. तिने आधीच बजावलं होतं की ती बाबांशी स्वतः बोलणार, मग ठरवणार. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही फक्त हो-नाही म्हणा. बाकी मी सांभाळतो. घरी जायचंय ना तुम्हाला?"  मी हे त्यांच्यासाठी करत होतो की त्यांना वाटेला लावण्यासाठी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. दोन्ही असेल. माझ्यासारख्या माणसाला एकाच गोष्टीत चांगलं आणि हलकट दोन्ही होता येतं.

गुरुवारी सकाळपासून बाबा बाथरूममध्ये. आत पुटपुट चाललेली. स्तोत्र असेल म्हणून मी आधी सोडून दिलं. मग मला मीटिंगच्या आधी दाढी करायची होती, म्हणून दार वाजवलं. पुटपुट थांबली आणि मी खालच्या बाथरूमला गेल्यावर परत सुरू झाली. माझी मुलगी जिन्यावर बसून शाळेचं काही करत होती.

"डॅड, डोंट डिस्टर्ब हिम," ती म्हणाली. "आजोबा लाइन्स करतायत. ही हॅज बीन डूइंग इट सिन्स यस्टरडे."

"कसल्या लाइन्स?"

"आय डोंट नो. मला आउट सांगितलं त्यांनी."

माझ्या मनात आलं, नाटक संपलं तरी म्हाताऱ्याचं चालूच आहे. एवढं होऊनही माझी खोड गेली नव्हती.

दुपारी ताई स्क्रीनवर आली. मी बाबांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलो, उत्तरं द्यायला सज्ज. ताईने सुरुवात केली, "बाबा, कसे आहात? जेवलात का?" मी म्हटलं, "जेवले, मस्त जेवले, एकदम फिट आहेत. रोज चालतात. हो ना बाबा?"

बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. गप्प राहा, असा. मग ताठ बसले. आयुष्यभर विंगेत पाठ वाकवून बसलेला माणूस एवढा ताठ बसलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं.

"बेटा," ते म्हणाले, "मला आता शब्द आठवत नाहीत. अक्षरं वाचता येत नाहीत. मी आता एकटा राहू शकत नाही. विमानातली माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. कोथरूडचं घर बंद करा. किल्ली तुझ्याकडे राहू दे. यात कुणाचा दोष नाही."

कुठे अडखळणं नाही, 'ते ते' नाही, एक शब्द इकडेतिकडे नाही. सावकाश, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात.

ताई तोंडावर पदर दाबून रडत होती.   मग बाबांची पाठ पुन्हा वाकली आणि त्यांनी माझ्याकडे वळून, तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"सगळं आलं ना? काही राहिलं?"

"नाही, बाबा," मी म्हटलं. "सगळं आलं."